कंदीलवालीचे पॉइंट

(फोनवर. ताईच्या मांडीवर बाळ. तिच्या धाकट्या भावाकडे, बारक्याकडे, खेळायला मंडळी यायची आहेत. कागदी नकाशा, फासे आणि ज्याने त्याने वठवायचं आपापलं पात्र, असा त्यांचा जुना खेळ. ताईने आपलं नवं पात्र, कंदीलवाली, गुणांच्या आकड्यांसकट लिहून पाठवलंय.)

बारक्या : ताकद शून्य, बोलणं शून्य, नशीबही शून्य? तायडे, हे पात्र आहे की उशी?

ताई : हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. तिचे कान बघ ना, कान.

बारक्या : बघितले. ऐकणं अठरा, कंदील धरणं अठरा. अगं, आमच्या सेनापतीचं काहीच सोळाच्या वर नाही!

ताई : नियमात बसतं. दुय्यम पात्राचं बाकी सगळं शून्यावर आणलं, की दोन गोष्टी हव्या तेवढ्या वाढवता येतात. दूध तापेपर्यंत नियमच तर वाचत असते मी.

बारक्या : बसतं गं. पळवाटा शोधाव्यात तर तूच. पण तुझी राणी कुठे गेली? ती दरबारात तोंड उघडायची आणि आम्ही फासे हातात धरून ऐकत बसायचो.

ताई : राणी मध्येच उठून गेली की लढाई अडते रे. मागच्या वेळी तुम्ही सगळे ताटकळलात, आणि मी इकडे ह्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते.

बारक्या : कुणी काही बोललं का तुला?

ताई : बोलले असते तर बरं झालं असतं. माझी खुर्ची त्या नव्या मुलीला देताय म्हणे.

बारक्या : अजून ठरलं नाहीये तसं.

ताई : म्हणजे चाललंय. म्हणून तर ही बनवली. हिला खुर्ची नको, नकाशाच्या कडेला ठेव नुसती. आवाज आला की कंदील हलवेल. मी असले-नसले तरी कुणाचं अडणार नाही. एवढं तरी राहू दे मला.

बारक्या : आणि तिच्याशी कुणी बोललं तर?

ताई : कोण बोलतंय? दिवसभर घरात चिटपाखरू नसतं. संध्याकाळी नवरा येतो, बूट काढता काढता विचारतो, ‘झोपला का?’ झालं.

बारक्या : मी कंदीलवालीचं विचारत होतो.

ताई : …हो. तिचंच सांगतेय.

बारक्या : ऐकण्यातले चार काढ. बोलण्यात घाल. नियमाचं मी बघतो.

ताई : वाया जातील रे.

बारक्या : जाऊ देत. थांब, आली सगळी. फोन तुझ्या खुर्चीवर ठेवतोय, स्पीकरवर. ए, गप्प बसा रे! भुयारात शिरलोय आपण. मिट्ट काळोख. राणी मागे राहिली, पण सोबत एक कंदीलवाली आहे. बाई, तुम्ही काय करता?

ताई : कुणाला, मला?

बारक्या : तायडे, तुलाच विचारतोय.

ताई : कंदील वर धरते. …दिसतंय का रे सगळ्यांना?