रिव्हर्स पडत नाय

चहा घे आधी, मग सांगते. माझ्या रिक्षाचा रिव्हर्स पडेना झाला होता, तेव्हाची गोष्ट. अष्टमी गावच्या रिक्षास्टँडवर रिक्षा मागं घ्यायची म्हणजे मला उतरून ढकलावी लागायची. आमच्या रांगेतला बाळ्या लगेच दात काढायचा, "रिक्षा पण तुझ्यासारखीच गो, मागं हटत नाय!"

शेवटी वरसे गावात मिस्त्रीकडं नेली. त्यानं रिव्हर्सचा दांडा एकदा ओढून बघितला आणि म्हणाला, "गिअरबॉक्स खोलायला लागंल. ठेवून जा."

मी म्हटलं, "दांडा ओढल्यावर आत काय होतं, ते सांग आधी."

"तुला काय करायचंय गो? तू चालव."

"सांगितल्याशिवाय पाना लावायचा नाय."

वैतागून बोलला, "दांडा वायर ओढतो, वायर खालचा खटका ओढते, खटक्यानं गिअर उलटा पडतो. झालं समाधान?"

"नाय झालं. आता तू दांडा ओढ, मी खाली बघते."

त्यानं ओढला. खटका जागचा हलला नाय. मी हातानं ओढला, तर गिअर टक्कन पडला.

"वायर तुटलीय रे! रहाटाची दोरी तुटली म्हणून विहीर खणतोस काय?"

वायर बदलून घेतली आणि तडक स्टँडवर आले. बाळ्या रस्त्यातच उभा होता. रिक्षा उलटी घेत घेत थेट त्याच्या पोटापासून वीतभरावर आणून थांबवली. तो दचकून मागं सरला.

म्हटलं, "बघ, रिक्षा हटली, तू पण हटलास. मी नाय हटायची."