बर्फातली लस

तुम्ही म्हणता लोक अडाणी होते, म्हणून लस घेत नव्हते. मुरुडच्या कोळीवाड्यात देवीची लस टोचायला गेलो तेव्हा मीही तेच धरून चाललो होतो. जवळच्या दिघी गावात साथ आलेली. देवीच्या कोपाबद्दल कोण काय विचारेल, त्याची उत्तरं मी पाठ करून गेलो होतो. कोपाचं कुणी नावच काढलं नाही. पहिल्याच दारात मासळी विकणाऱ्या हिरामावशीने लशीचा डबा उघडायला लावला, आतला बर्फ बघितला आणि नातीला मागे ओढलं.

"ताज्या मावऱ्याला बर्फ लागत न्हाय, डाक्टर. किती दिवसांची हाय ही?"

म्हटलं, हिला हिच्याच भाषेत सांगावं. "मावशी, बर्फातली मासळी मेलेली असते. ही लस जिवंत आहे. जिवंत राहावी म्हणून तर बर्फ."

"जिवंत हाय? आनि ती पोरीच्या दंडात सोडनार? आदी तुझ्या दंडात सोड. मी बघते."

काय करणार, बाही वर केली आणि स्वतःलाच टोचून घेतलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेली.

"चावली?"

"थोडी."

"मग ताजी हाय," म्हणाली, आणि नातीला पुढे ढकललं.