मृदंगाच्या वेळची रांग

मार्गळी महिन्यातल्या संगीत महोत्सवाच्या मैफिलीत एकट्या मृदंगाची पाळी आली, की अख्खी चेन्नई उठून डोशाच्या रांगेत येते. आजही कोमळम् मामी लगबगीनं खाली कॅन्टीनमध्ये आल्या. पाहतात तो पुढं दोनच म्हातारे.

"शास्त्रीय महोत्सवात सिनेमाची गाणी. बुडाला महोत्सव, वरदा."

"आत मृदंगावर तुझाच मुलगा आहे ना, सेतू?"

"म्हणून तर बोचतंय. वीस वर्षं मोठमोठ्या गवयांना साथ केली रे त्यानं."

"आणि त्याची एकट्याची पाळी आली, की तुम्ही सगळे इथं."

"तेव्हा रांग फाटकापर्यंत जायची."

"मग आज कुठं गेली?"

"सिनेमाच्या गाण्यांसाठी आलेली माणसं ती. या वेळी उठायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नाही. ऐकत बसलीत."

"आणि तू का उठलास?"

"सवयीनं."