ऑर्डरवरचं नाव

दिलशाद : मग ह्या फोटोत काय आहे, ते एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे.

शरीफ : लोखंड आहे.

दिलशाद : लोखंडाचा तर आपला तवापण आहे. त्याच्याखाली गोळीचं चित्र नसतं.

शरीफ : तू माझा फोन कशाला उघडलास?

दिलशाद : हिबाच्या शाळेच्या बसचा मेसेज बघायला. बस राहिली बाजूला. एकवीस फोटो! माणूस दुसरं लग्न करायला निघाला तरी एवढे फोटो जमवत नाही.

शरीफ : हळू बोल. शेजारी ओमप्रकाश घरी आहे.

दिलशाद : म्हणजे हळू बोलण्यासारखंच आहे.

शरीफ : अगो, अर्बाबचं, आमच्या मालकाचं काम आहे. वर्कशॉप बंद झालं की तो क्लबात नेमबाजीला जातो. गोळी सुटली की मागे पितळेची पुंगळी उरते. ती परत भरून वापरता येते. त्याला प्रेस लागतो, हा असला. हौस आहे त्याची.

दिलशाद : हौस त्याची आणि फोटो तुमच्या फोनात?

शरीफ : तो म्हणाला, शरीफ, पहिलाच घ्यायचाय, फार खर्च नको, कुठला घेऊ तू बघ.

दिलशाद : दारात तीन गाड्या उभ्या, त्याला खर्च नको?

शरीफ : बायको ओरडते म्हणाला.

दिलशाद : हं. एवढं एक खरं वाटलं. पण मग मला का नाही सांगितलंत? आठ दिवस बघतेय. मी चहा घेऊन आले की फोन पालथा.

शरीफ : तू हे असं करशील म्हणून.

दिलशाद : मी काय केलं? विचारतेय फक्त.

शरीफ : मग नीट बघ तरी. हा एकेरी. एका वेळी एकच काडतूस. दांडा ओढायचा, सोडायचा, साचा बदलायचा, परत ओढायचा. वेळ खातो, पण शिकणाऱ्याने हाच घ्यावा. आणि हा महागडा, एका ओढीत चार कामं करतो. नवख्याच्या हातात दिला तर चूक कळायच्या आत चाळीस काडतुसं चुकीची भरून झालेली.

दिलशाद : आणि चुकीचं भरलं तर?

शरीफ : बंदूक फुटू शकते.

दिलशाद : या अल्ला!

शरीफ : म्हणूनच एकेरी म्हणतोय ना. त्यातही समोरून उघडा असतो तो नको. स्वस्त पडतो, पण जोर लावला की तोंड वासतो. बिडाची बंद चौकट हवी. एक जुना अर्ध्या किमतीत आहे, पण आतला दट्ट्या ढिला झालाय का ते हात लावल्याशिवाय कळत नाही. फोटोत ढिलं दिसत नाही.

दिलशाद : तुमचा आवाज बदलला.

शरीफ : काय?

दिलशाद : गावाकडे मिरजोळ्याला लेथवर होतात तेव्हा घरी येऊन असेच बोलायचात. मला काही कळायचं नाही, तरी ऐकायचे.

शरीफ : इथे आखातात येऊन सोळा वर्षं झाली गो, स्टोरमध्ये हातमोजे वाटतोय. शरीफ, तुला काय वाटतं, असं कुणी विचारलं नव्हतं.

दिलशाद : ते समजलं. आता हे समजवा. खाली ऑर्डरवर नाव कुणाचं आहे?

शरीफ : ते होय...

दिलशाद : शरीफ इब्राहिम साखरकर. बताका नंबर, ओळखपत्राचा, तो पण तुमचा. मोबाइल तुमचा. पत्ता दार्सैत, मंदिरामागची बिल्डिंग.

शरीफ : सगळ्याच ऑर्डरी माझ्या नावाने जातात. वेल्डिंगच्या काचा, ग्राइंडरच्या चकत्या. पार्सलवाल्याचा फोन अर्बाब उचलत नाही.

दिलशाद : ग्राइंडरची चकती कस्टमवाले उघडून बघत नाहीत! उद्या विचारलं, हा साखरकर कोण, तर अर्बाब म्हणेल, माझा स्टोरकीपर, मला काही माहीत नाही. व्हिसा रद्द, आपण विमानात. हिबाची दहावी आहे ह्या वर्षी.

शरीफ : तो तसला नाही.

दिलशाद : पोलीस दारात येईपर्यंत कुणीच तसला नसतो. परवाना आहे त्याच्याकडे?

शरीफ : बंदुकीचा आहे.

दिलशाद : बंदुकीचा नाही विचारला. ह्याचा.

शरीफ : असेल.

दिलशाद : असेल! लावा फोन. स्पीकरवर.

शरीफ : जुम्म्याच्या दुपारी? जेवत असेल तो.

दिलशाद : जेवू दे. यल्ला, लावा.

(शरीफ फोन लावतो. दिलशाद ओढणीला हात पुसत त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहते.)

शरीफ : अस्सलाम अलैकुम, अर्बाब. वो प्रेस... मैंने ऑर्डर में अपना नाम डाला है. परमिट का पेपर एक बार मिलता तो...

अर्बाब : ऑर्डर? ऑर्डर कौन बोला? मैं पूछा, कौन सा अच्छा. परमिट अभी आया नहीं. तुम पैसा भरा?

शरीफ : नहीं, अर्बाब. सिर्फ नाम भरा.

अर्बाब : तुम्हारा नाम क्यों? मजनून है तुम? निकालो! परमिट आएगा, मेरा नाम से मँगाएगा. खलास. ...शरीफ?

शरीफ : जी.

अर्बाब : कौन सा अच्छा, वो तो बोलो.

शरीफ : संडे को बताता हूँ, अर्बाब.

दिलशाद : ठेवला?

शरीफ : ठेवला.

दिलशाद : म्हणजे नाव टाका असं त्याने सांगितलंच नव्हतं.

शरीफ : नाही. नावाचा रकाना रिकामा दिसला की हात आपोआप स्वतःचंच लिहितो. सवय.

दिलशाद : आणि मी बिचाऱ्याला चोर ठरवून मोकळी. आधी काढा ते. माझ्यासमोर.

शरीफ : काढलं.

दिलशाद : दाखवा. वर सरकवा. बताका नंबर?

शरीफ : तोही गेला. बघ, काही उरलं नाही.

दिलशाद : परत एकदा उघडून दाखवा.

शरीफ : दिलशाद.

दिलशाद : बरं, बरं. रविवारी काय सांगणार त्याला?

शरीफ : एकेरी घे म्हणणार. बंद चौकटीचा. जुना नको, नवाच.

दिलशाद : सांगा. का ते पण नीट सांगा, मला सांगितलंत तसं. पण तोंडीच. लिहून काही देऊ नका.