हळदीकुंकवाला आलेली ब्रेंडा

हसू नका, पण व्यसनमुक्तीवरचं पहिलं भाषण मी हळदीकुंकवाला ठेवलं होतं. दोन हजार चार-पाचची संक्रांत असेल. शाळा-कॉलेज पुण्यात मावशीकडे करून मी नुकतीच इंग्लंडला, लीड्सच्या घरी परतले होते आणि अख्खं शहर सुधारायचं ठरवलं होतं. म्हणून ब्रेंडाला बोलावलं. साठीची बाई. तरुणपणी हिप्पींबरोबर गोव्याला गेली, तिथे चरस, मग हेरॉइन, सगळं करून सुटली.

आई वाणाच्या वाट्या मांडत म्हणाली, "अगं, आपल्यात हे कोण करतं? उगाच बायकांना घाबरवू नकोस."

ब्रेंडानं हौसेनं कुंकू लावून घेतलं आणि बोलायला उभी राहिली.

"हेरॉइन दोन वर्षांत सुटलं. इंग्लंडला परतल्यावर डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या सुटायला अकरा वर्षं लागली. तेव्हा मात्र मला कुणी व्यसनी म्हटलं नाही, कारण मी बँकेत नोकरी करत होते."

गोळ्यांचा मुद्दा माझ्या कागदावर नव्हताच. मी तिला पुन्हा चरसाकडे वळवणार, तेवढ्यात मागून आईनं इंग्रजीत विचारलं, "एकदम बंद केल्यास का?"

"छे. डॉक्टरांना विचारून, थोडी थोडी कमी करत. तू किती वर्षं घेतेस?"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"हिला पुण्याला ठेवून आले, तेव्हापासून."