आईनं अंगठा पुढं केला होता

मंडळी, आईच्या दहाव्याला उन्हातानाचं आलाय, लोणी भापकरची सगळी भावकी जमलीय. बाईमाणसानं उठून बोलायची आपल्यात रीत न्हाय, आणि माझा आवाज किती टिकंल ठावं न्हाय. पण मी जिजाबाईची लेक हाय, सणसरला दिलेली. आज मला राग आलाय. रडायचं ते मी घरी रडीन.

आईच्या फुफ्फुसाभवती पाणी होत होतं. तुमाला म्हाईत हाय, सगळे भेटून गेलाय. बारामतीला नेऊन सुईनं पाणी काढायचं, आठ-पंधरा दिस बरं जायचं, की परत भरायचं. चारदा काढलं. दर खेपेला आई निम्मी होऊन घरी आली. शेवटी शेवटी तिला आडवंच होता येईना. वाकळांच्या ढिगाला टेकून, बसून झोपायची.

तितल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. बरगड्यांच्या मधी बोट जाईल एवढं भोक पाडायचं, दुर्बीण घालायची, पाणी काढायचं, आत पावडर मारायची. म्हंजी परत पाणी धरायचं थांबतं. पूर्ण भूलबी द्यायला नगं. मी इचारलं, एवढ्या थकल्या जिवाला सोसंल का? त्या म्हणाल्या, धोका हाय, खोटं सांगणार न्हाय. पण असं ऑपरेशन थकलेल्या माणसालाबी करता येतं.

मग तुमी आलात. शहाळी घेऊन, बिस्किटांचे पुडे घेऊन. नामदेव आबा, तुमी पुढं बसलाय म्हणून तुमालाच म्हणते. तुमी म्हणालात, छाती उघडली की वारं लागतं, दुखणं पसरतं. कुणी म्हणालं, पिकल्या पानाला कशाला कात्री? कुणी म्हणालं, आता देवाचं नाव घ्या. अवो, चारदा सुई खुपसली तवा कुठं गेलं होतं तुमचं वारं? आणि माझ्या भावानं, बापूनं, तुमच्या म्हणण्याला मान डोलावली, ऑपरेशन राहिलं. बापू, खाली बघू नगंस.

आईला इचारलं का कुणी? एकानं तरी?

डॉक्टरीणबाईंनी इचारलं होतं, समजावलं त्याच दिशी, माझ्यासमोर. आई म्हणाली, "मरायचं तवा मरीन. पण एकदा पाठ टेकवून झोपू द्या मला." आणि ऑपरेशनच्या कागदावर उठवायला तिनं अंगठा पुढं केला. शाई लावायची तेवढी राहिली होती.

तिचा हात मी खाली घेतला. व्हय, मी. म्हणाले, आई, दम धर, बापूला इचारू. तवा तुमाला बोलून मी सुटत न्हाय. जिची छाती, जिचा जीव, तिचा अंगठा मला पुरला न्हाय.

ऑपरेशन केलं असतं तर वाचलीच असती, असं मी म्हणत न्हाय. डॉक्टरीणबाईबी म्हणाल्या न्हवत्या. पण चार दिस झोपली असती. अशी बसल्या जागी, तोंड उघडं टाकून गेली नसती.

आता उठा, उभं राहू. दोन मिनिटं कुणी कायबी बोलू नगा. आणि उद्या कुणाच्या आजाऱ्याला भेटायला गेलात, तर तितंबी असंच गप बसा. बोलायचं ते त्या आजाऱ्याला बोलू द्या.