चिमणी, दार, पाळणा

हिंमतराव : ...तिसऱ्यांदा येऊन राह्यलो मी, मुनव्वरभाई. तिसऱ्यांदा! अन् आवाज काही जाऊन नाही राह्यला.

मुनव्वर : मोजायला मलाही येतं, हिंमतराव. आधी गाडी आत घ्या. रस्त्यात उभं राहून भाषण नको, मागे पीएमटीवाला हॉर्न मारतोय.

हिंमतराव : घेतो न. पन आधी ऐका. हे पाहा, मांगून दाबतो गाडी. हे दाबली... हे सोडली. ऐकलं?

मुनव्वर : ऐकलं.

हिंमतराव : काय हाये मंग?

मुनव्वर : बुश असेल. स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकाचं रबर.

हिंमतराव : बुश! अहो, पहिल्या बारीले बुशच होता. चारही बदलले तुमी. दुसऱ्या बारीले म्हटलं, ग्रीस सुकलं. पाट्याले मारलं, कडीले मारलं. घरी पोचलो नाई तं पुन्हा चूं चूं.

मुनव्वर : पिकप आहे, हिंमतराव. कांद्याची पोती वाहता त्यातून. थोडं कुरकुरणारच. तुमच्यावर एवढं ओझं टाकलं तर तुम्ही काय गप्प बसाल?

हिंमतराव : मी बिना ओझ्याचाच गप नाई बसत, ते सोडा. काल वारज्यातल्या त्या मोठ्या सोसायटीत माल उतरवाले गेलो, पहाटी. एक आजी खाली आल्या. मले वाटलं, भाजी पाह्यजे असन. तं म्हनते कशा, "अहो, गाडीला तेल घालताय, की आम्ही वर्गणी काढू?"

मुनव्वर : मग काढू द्यायची होती.

हिंमतराव : तुमाले हसू येऊन राह्यलं. अकोल्यात असं बोललं असतं कोनी तं भांडन झालं असतं. इथं अपमान झाला हे समजाले मले स्वारगेटपर्यंत या लागलं.

मिसबा : अब्बू, डबा आणलाय. सलाम, काका. अब्बू, कधीची फोन लावतीये मी!

मुनव्वर : ही मिसबा, हिंमतराव. माझी धाकटी. रविवार आहे ना, कंपनीला सुट्टी, मग बापावर हुकूम. फोन खिशात आहे, बेटा. वाजला नाही.

मिसबा : वाजतोय. आत्ता वाजतोय, अब्बू. मी अजून कट नाही केलेला.

मुनव्वर : गिऱ्हाईक समोर असताना मी फोन घेत नाही.

हिंमतराव : हे मातर खरं. हे मी पाह्यलं हाये.

मिसबा : हो. ते आम्ही घरी पण बघतोय हल्ली.

मुनव्वर : डबा ठेव तिथे. हिंमतराव, बसा गाडीत. त्या स्पीडब्रेकरवरून हळू घ्या. मी बाजूनं चालतो.

हिंमतराव : हे घेतली. आयकू येते न?

मुनव्वर : बास, थांबा. उजवीकडचा यू-बोल्ट ढिला आहे. पाट्यांना धरून ठेवतो तो. मिसबा, तो मोठा पाना दे... हां. झालं. घ्या परत.

हिंमतराव : घेतली.

मुनव्वर : गेला आवाज.

हिंमतराव : गेला?

मुनव्वर : गेला.

हिंमतराव : मुनव्वरभाई, तो तं वाढला! पोरी, तू सांग बाई. तू उभी हायेस न इथं?

मिसबा : मी... काका, इंजिनच्या आवाजात नीट नाही कळलं मला.

हिंमतराव : इंजिन बंद हाये. उतारावर तशीच सोडली मी गाडी.

मिसबा : अं... बंद केलंत का? सॉरी.

हिंमतराव : आता एक सांगू? राग येईन, तं येऊ द्या. आज सकाळी मार्केट यार्डात चहाच्या टपरीवर सारेच पिकपवाले होते. गेनबा होता, साईनाथ होता. मी म्हटलं त्याइले, मुनव्वरभाई पह्यले असे नव्हते. आता मुद्दाम आवाज ठेवून देते गाडीत. गिऱ्हाईक पुन्हा यावं म्हनून.

मुनव्वर : असं म्हणालात?

हिंमतराव : म्हटलं. अन् तुमच्या तोंडावर सांगून राह्यलो. मांगून एक अन् पुढून एक, हे आपल्याले जमत नाई.

मुनव्वर : गेनबा काय म्हणाला?

हिंमतराव : तो म्हने, माह्याही गाडीचं तसंच हाये. दिवाळीपासून.

मुनव्वर : बरं.

मिसबा : बरं? अब्बू, "बरं" काय? चोर म्हणतायत ते तुम्हाला!

मुनव्वर : म्हणू दे. पुण्यात कुठल्या मेकॅनिकला चोर म्हणत नाहीत? म्हणतात, घासाघीस करतात, आणि पुन्हा येतात. तू जा घरी. अम्मी वाट बघत असेल.

मिसबा : म्हणजे चोर चालेल तुम्हाला.

मुनव्वर : मिसबा, घरी जा म्हणालो ना.

मिसबा : चोर चालेल, पण बहिरा नाही चालणार.

मुनव्वर : मिसबा!

मिसबा : ओरडा. काका, हे काही आवाज-बिवाज ठेवत नाहीत तुमच्या गाडीत. यांना तो ऐकूच येत नाही. जाड आवाज येतात. तुम्ही बोलता ते येतं, हॉर्न येतो, इंजिन येतं. बारीक आवाज गेलेत. कुकरच्या शिट्ट्या अब्बू मोजायचे आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता. परवा भाताचा कोळसा झाला आणि हे कुकरशेजारी उभे होते!

मुनव्वर : झालं? अजून कुणाला बोलवायचंय का? तो चहावाला श्याम मोकळा आहे, त्यालाही सांग.

मिसबा : डॉक्टरची वेळ दोनदा घेतली, काका. दोनदा बुडवली. कानाला मशीन लावायचं म्हटलं की यांना अर्जंट काम येतं.

हिंमतराव : थांब, थांब पोरी. मुनव्वरभाई, ही काय म्हनून राह्यली?

मुनव्वर : खरं म्हणतीये.

हिंमतराव : म्हंजे माह्या गाडीचा आवाज तुमी एकदाही नाई ऐकला?

मुनव्वर : नाही.

हिंमतराव : आत्ता "ऐकलं" म्हटलं तुमी!

मुनव्वर : म्हणालो.

हिंमतराव : मंग बुश काहून बदलले बावा?

मुनव्वर : तुम्ही म्हणालात, मागून चूं होतंय. एवढं वय झालेल्या पिकपमध्ये मागून चूं, म्हणजे बहुतेक बुशच. अंदाज केला.

हिंमतराव : अन् आताचा यू-बोल्ट?

मुनव्वर : तो खरंच ढिला होता.

हिंमतराव : अरे बाप्पा! अन् मी तुमाले चोर म्हनून राह्यलो. पन खरं सांगू, मुनव्वरभाई? चोरी नसन, पन हे बी काही बरं नाई केलं. तुमी सांगतलं असतं तं मी काय दुसरीकडं गेलो असतो?

मुनव्वर : गेला असता.

हिंमतराव : नसतो गेलो जी.

मुनव्वर : गेला असता, हिंमतराव. मीही गेलो असतो. डोळे अधू झालेल्या शिंप्याकडे कापड कोण टाकतं? गाडी त्या कोपऱ्यावर वळायची आणि मी इथे स्टुलावर बसून सांगायचो, क्लच गेलाय. लोक पैज लावायचे. हात काय, सगळ्यांनाच असतात. मला कान होते. त्यांच्यावर तर भाकरी खाल्ली. ते गेले हे कुठल्या तोंडानं सांगू?

मिसबा : अब्बू...

मुनव्वर : जा ना गं घरी.

मिसबा : नाही जात. मी ऐकते, तुम्ही काम करा. लहानपणी नव्हते का ऐकत?

मुनव्वर : लहानपणी खेळ होता तो.

हिंमतराव : ऐकू द्या न पोरीले. तुमच्या अंदाजापायी तीन चकरा झाल्या माह्या. आता चौथी नाई मारत.

मुनव्वर : ...बरं. दाबा गाडी. मिसबा, काय वाजतंय?

मिसबा : चूं वाजतंय.

मुनव्वर : चूं तर हेही म्हणतात. चिमणी, दार, का पाळणा?

हिंमतराव : हे काय आता?

मिसबा : काका, रबर कोरडं पडलं की चिमणी वाजते. पाट्यावर पाटा घासला की जुनं दार. आणि पाटा मागच्या टोकाला ज्या कडीनं टांगलेला असतो ना, ती सुकली की पाळणा. अब्बू मला गिऱ्हाइकांच्या गाडीत बसवायचे आणि विचारायचे. बरोबर आलं की लिमलेटची गोळी.

मुनव्वर : चुकलं तरी मिळायची. ऐक नीट.

मिसबा : चिमणी नाही. चिमणी तुटक असते, हा लांब आहे. दार... हो, दार असेल. नाही, थांबा. काका, परत दाबा ना. हळू. आता सोडा. अब्बू, दोन सूर आहेत. खाली जाताना एक आणि वर येताना दुसरा.

मुनव्वर : दोन? नक्की?

मिसबा : नक्की. वर येतानाचा जास्त बारीक आहे.

मुनव्वर : मग पाळणा आहे. पण कडीला मी मागच्या वेळी ग्रीस मारलंय. ग्रीसची अख्खी गन रिकामी केली होती.

मिसबा : मग पाण्यानं बघू या?

मुनव्वर : तेही आठवतंय तुला?

हिंमतराव : पानी कायले?

मुनव्वर : एकेका सांध्यावर पाणी ओतायचं, हिंमतराव. जिथे ओतल्यावर आवाज थांबला, तो गुन्हेगार. पाणी सुकलं की पुन्हा बोंबलतो. औषध नाही ते, नुसती ओळखपरेड. घ्या, तुम्ही दाबत राहा, ही ओतेल.

(मिसबा गाडीखाली वाकून बाटलीतलं पाणी ओतते. हिंमतराव मागून गाडी दाबतो. मुनव्वर पाट्यावर हात ठेवून उकिडवा बसलाय.)

मिसबा : पाट्यावर ओतलं. तसाच आहे.

मुनव्वर : पुढच्या टोकाच्या बुशवर ओत.

मिसबा : तसाच.

हिंमतराव : तसाच हाये जी.

मुनव्वर : आता मागची कडी. उजवी.

मिसबा : काही फरक नाही.

मुनव्वर : डावी. पिनेवर ओत, वरच्या. सावकाश, आत मुरू दे. दाबा, हिंमतराव.

हिंमतराव : अरे!

मुनव्वर : काय झालं?

हिंमतराव : पुन्हा दाबतो, थांबा.

मुनव्वर : काय झालं? कुणीतरी बोला की! मी इथे काय दगडाला हात लावून बसलोय?

मिसबा : थांबला, अब्बू.

मुनव्वर : कमी झाला का थांबला?

मिसबा : थांबला. पूर्ण.

मुनव्वर : सरक. लहान पाना दे, आणि ती बॅटरी धर इकडे. ...हे बघा. हे बघा, हिंमतराव, काय आहे ते.

हिंमतराव : हे तं ग्रीसचं निप्पल हाये.

मुनव्वर : याच्या तोंडातून ग्रीस आत पिनेपर्यंत जातं. याचं तोंडच बंद. माती आणि जुनं ग्रीस, सिमेंट झालंय त्याचं. मी गन मारली, ती सगळी बाहेरच्या बाहेर पसरली. आत थेंब गेला नाही. वरून चांगलं चोपडलेलं दिसलं, मी म्हटलं, झालं काम. कान जागेवर असते तर त्याच दिवशी कळलं असतं.

हिंमतराव : पोरीले बोलावलं असतं तरी कळलं असतं.

मुनव्वर : हो. तेही.

मिसबा : नवीन आहे का निप्पल?

मुनव्वर : त्या बिस्किटाच्या डब्यात. ...हां. बसलं. आता गन तू मार. माझे हात बरबटलेत.

मिसबा : किती मारू?

मुनव्वर : दुसऱ्या कडेनं काळं बाहेर येईपर्यंत. दाब. घाबरतेस काय, मोडत नाही ती.

हिंमतराव : आलं! काळं आलं. मायबाप, काय घान होती आत.

मुनव्वर : अजून मार. नवं ग्रीस दिसू दे. ...बास. पीन शाबूत आहे, घासली नाही फार. पाट्याला काही धोका नाही, निर्धास्त माल भरा. बाकीचीही निप्पलं बघून घेतो आज. बसा गाडीत, स्पीडब्रेकरवरून घ्या.

हिंमतराव : घेतली. उलटी घेऊ का अजून एकदा?

मुनव्वर : घ्या. ...गेला का गं?

मिसबा : गेला.

मुनव्वर : तू माझी मुलगी आहेस, माझ्याच बाजूनं बोलशील. मघाशी बोललीसच. हिंमतराव, तुम्ही सांगा. गेला?

हिंमतराव : गेला न जी! आता त्या आजीची वर्गनी बुडाली.

मुनव्वर : चला. अल्लाची मेहरबानी.

हिंमतराव : पन मुनव्वरभाई, माह्यासमोर एक पेच हाये. उद्या पहाटी टपरीवर ते सारेच भेटतीन. मी तुमाले चोर म्हटलं, ते मलेच पुसा लागन. म्हनीन मी, मुनव्वरभाई चोर नाई. तं गेनबा विचारन, मंग आवाज काहून राह्यला? तवा काय सांगू?

मुनव्वर : निप्पल चोंदलं होतं सांगा. खोटं थोडंच आहे?

हिंमतराव : अन् गेनबाच्या गाडीचं? साऱ्याच गाड्यांचे निप्पल चोंदले काय? तुमी म्हनान तं मी गप बसतो. पन मंग चोर तसाच राह्यते.

मिसबा : मी काही बोलत नाहीये, अब्बू. मघाशी बोलले ते पुष्कळ झालं.

मुनव्वर : गेनबाची गाडी दिवाळीपासून वाजतीये म्हणालात ना?

हिंमतराव : त्यानंच सांगतलं.

मुनव्वर : दोनदा येऊन गेला तो. दोन्ही वेळा मी म्हणालो, गेला आवाज. तोही "हो, गेला" म्हणाला. मला वाटलं, खरंच गेला.

हिंमतराव : तो तुमच्या तोंडाकडं पाहून म्हटला असन. तुमी म्हटल्यावर त्याले स्वतःच्या कानावर भरोसा राह्यला नसन.

मुनव्वर : हं. ...सांगून टाका, हिंमतराव.

हिंमतराव : काय?

मुनव्वर : खरं ते. मुनव्वरला बारीक आवाज ऐकू येत नाहीत म्हणावं. माझ्या तोंडून निघणार नाही ते, तुमच्या तोंडून जाऊ दे. चोर म्हणताना जितके जण होते, तितक्या सगळ्यांना सांगा. एकाला सांगून दुसऱ्याला सोडू नका.

हिंमतराव : अन् गिऱ्हाईक तुटलं तं?

मुनव्वर : तुटलं तर तुटलं. फसवून धरून ठेवलेलं तरी राहणार नाही.

मिसबा : मग मंगळवारची वेळ घेऊ डॉक्टरची?

मुनव्वर : घे.

मिसबा : बुडवायची नाही.

मुनव्वर : घे म्हणालो ना. लिहून देऊ का?

हिंमतराव : मी सोडतो न तुमाले मंगळवारी दवाखान्यात, माल उतरवला की. आता गाडी वाजत नाई. तुमाले तसंही काही फरक पडनार नाई म्हना.

मुनव्वर : वा! पुण्याचं पाणी लागलं तुम्हाला, हिंमतराव.

हिंमतराव : लागनारच. येतो मी. अन् गेनबाले काय सांगू? कवा पाठवू त्याले?

मिसबा : डॉक्टर मशीन देतील, काका. मग केव्हाही पाठवा.

मुनव्वर : मशीनचं मशीन बघेल. रविवारी पाठवा त्याला, हिंमतराव. रविवारी माझे कान घरी असतात.